न्याय की सूड?

कायद्याने ज्यांना न्याय दिला नाही, त्यांचा सूड एक टॅक्सी कंपनी उगवते, असे 'टॅक्सी ड्रायव्हर' या २०२१ च्या कोरियन मालिकेचे कथानक आहे. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण हत्या झाली, तेव्हापासून 'असाच न्याय हवा' ही भाषा आपल्या ओसरीवरही ऐकू येते. संताप रास्त आहे. मागणी घातक आहे.

मालिकेतला सूड चुकत नाही, कारण गुन्हेगार कोण हे लेखकाने आधीच ठरविलेले असते. जमावाजवळ असा लेखक नसतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी जमावाने मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार केले. शिवाय, कायदा बाजूला सारल्यावर राज्य दुबळ्याचे येत नाही, गुंडाचेच येते. देशमुखांना मारणाऱ्यांनीही कायदा धाब्यावरच बसविला होता!

म्हणून बंधुभगिनींनो, साक्षीदारांच्या पाठीशी उभे राहा, खटला रेंगाळला तर जाब विचारा आणि गावातल्या खंडणीखोराला सलाम करणे आजच सोडा.