तुम्ही ते वाचलंय का?

मित्राला पुस्तक भेट द्यायचं असेल तर एक अट पाळा. ते तुम्ही स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं हवं आणि वाचून तुमची एखादी तरी रात्र खराब झालेली हवी. एवढं जमत नसेल तर टॉवेल-टोपी द्या. टॉवेल वापरला तरी जातो.

आमच्या ब्राह्मणपुरीत काय, सगळ्या शहादा तालुक्यात काय, सत्काराची रीत गेल्या काही वर्षांत पालटली. शाल-नारळाच्या जागी पुस्तक आलं. 'बुके नको, बुक द्या' असं सूत्रसंचालक माइकवरून सांगतो आणि मंडप टाळ्या वाजवतो. मी वाजवत नाही. कारण ती पुस्तकं कशी येतात ते मला ठाऊक आहे. निम्म्याहून जास्त सवलतीची यादी काढायची, जाडी बघायची, मुखपृष्ठ चकचकीत आहे ना ते बघायचं आणि गठ्ठा मागवायचा. चकाकत्या कागदात गुंडाळलेलं पुस्तक देणाऱ्याच्या हातात व्यासपीठावरच पडतं. आत काय आहे हे त्याला माहीत नसतं, फोटो निघेपर्यंत माहीत करून घ्यायचंही नसतं.

माझा एक मित्र भूगोलाचा मास्तर. सारंगखेड्याला तापीवर बॅरेज झाल्यापासून नदीचं पाणी कुठे चढलं, कुठे उतरलं, कोणत्या विहिरी गोड राहिल्या, याच्या नोंदी तो स्वतःच्या वहीत ठेवत आला. तो निवृत्त झाला तेव्हा त्याला यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या एकाच पुस्तकाच्या चार प्रती मिळाल्या. देणारे चौघंही त्याच्यासोबत नोकरीत म्हातारे झालेले. साठीला टेकलेल्या, काम चोख करून बाहेर पडलेल्या माणसाला यशाचे धडे! या चौघांनी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, एवढंच त्या चार प्रतींतून सिद्ध झालं. पुढे त्या प्रती एका वाचनालयाला गेल्या. वाचनालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्याही मोजली जाते, त्यामुळे तिथे असल्या दानाला कोणी नाही म्हणत नाही. त्या कपाटात जाऊन बघा. 'सप्रेम भेट' लिहिलेली आणि एकदाही न उघडलेली पुस्तकं रांगेने उभी आहेत.

कोणी म्हणेल, भावना बघा. भावनाच बघतोय. पपईच्या भावावर पारावर तीन-तीन तास बोलणाऱ्या, लग्नात डीजेवर पैसा उधळणाऱ्या माणसाला मित्रासाठी दोन संध्याकाळी एक पुस्तक वाचून बघता येत नसेल, तर भावना किती आहे ते दिसलंच. 'पुस्तक लिसनी काय करू भो?' असं तोंडावर विचारणारा शेतकरी मला या देणाऱ्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

आणि हे खानदेशात व्हावं! एका माणसाने दुसऱ्याला आवडीचं काही मनापासून दाखवलं म्हणून केवढं वाचलं, याचा पुरावा इथेच आहे. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलेली गाणी वहीत पडून होती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, तरी आईची ही गाणी लोकांपुढे न्यायला बिचकत होते. शेवटी त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. सोपानदेवांनी त्या दिवशी अत्र्यांकडे एखादं भारदस्त, सर्वमान्य पुस्तक नेलं असतं तर असोद्याची ती बाई आपल्याला कधी कळलीच नसती. आवडलेली गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवताना छातीत धडधडतं. ती धडधड टाळायची म्हणून आपण सुरक्षित पुस्तक निवडतो.

सुरक्षित पुस्तकांत पहिला मान 'श्यामची आई'चा. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही, ते मी आजही वाचतो. तक्रार देणाऱ्यांबद्दल आहे. शाळा सुटल्यावर ज्यांनी ते पुन्हा उघडलं नाही तेच ते पोरांच्या हातात कोंबतात, कारण आईबद्दल आहे आणि कोणाला काही टोचणार नाही असा त्यांचा समज आहे. अमळनेरात शिकवणाऱ्या याच माणसाने मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण मांडलं होतं. ते गुरुजी भेटीच्या वेष्टनात मावत नाहीत.

निवड म्हणजे काय ते सांगतो. ओळखीतल्या एकाचा मुलगा पुण्याहून शिक्षण अर्धवट टाकून परत आला. बाप गावात तोंड लपवून फिरायचा, पोराशी बोलायचा नाही. मी त्या बापाला 'कोसला' दिली. पोराला दिली नाही, बापाला दिली. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकरही खानदेशातून पुण्याला जातो आणि हात हलवत घरी परततो. 1963 चं पुस्तक आहे, पण त्या बापाला ते कालचं वाटलं. त्याने अर्ध्यावर ठेवलं, महिनाभराने पुन्हा धरलं, आणि मला शिव्या घातल्या की तू माझ्या घरातलं बोलतोस. घालू दे. पुस्तक पोचल्याचीच ती पावती होती.

आता मूळ दुखण्याकडे येतो. शहादा तालुक्याने मराठीला दिलेल्या एका पुस्तकाचं नाव आमच्या सत्कारांत मी कधी ऐकलं नाही. ते म्हणजे वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह, 1987 चा. वाहरूभाऊ याच तालुक्यातले, भिल्ल समाजातले, श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांची 'स्टेज' ही कविता देशभरातल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. ज्यांचं दुःख आहे ते खाली बसतात आणि दुसरेच वर चढून त्यांना त्यांचं दुःख समजावतात, असं तिचं म्हणणं. इकडे आमच्या तालुक्यात स्टेजवर पुस्तकं वाटली जातात आणि त्यांत हे नसतं.

का नसतं ते सगळ्यांना माहीत आहे. या कवितांमागे 1971 सालचं पाटीलवाडी आहे, जिथे आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. 1972 साली उभी राहिलेली श्रमिक संघटना आहे, आदिवासींचे नेते अंबरसिंग सुरतवंती आहेत, हातातून गेलेल्या जमिनी परत मागणारी माणसं आहेत, सालदाराला किती मजुरी द्यायची आणि किती तास राबवायचं यावरून झालेले संप आहेत. समोर कोण होतं? आम्हीच होतो. आमचे आजे आणि बाप, केळी-ऊस-कापसाची शेती असलेली घरं. 'गोधड' मित्राला द्यायचं तर आधी स्वतःच्या बांधावर उभं राहून वाचावं लागतं. म्हणून आम्ही कर्णावरच्या कादंबऱ्या देतो, शिवरायांवरच्या देतो, परदेशी उद्योगपतींची चरित्रं देतो. कुरुक्षेत्रावरच्या अन्यायाने आमचे डोळे भरतात. पाटीलवाडी त्या मानाने फारच जवळ पडते.

मित्राला आवडेल तेच द्यावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानत नाही. मित्राला आवडेल ते तो स्वतः विकत घेईल. त्याच्या हाती आपणहून कधी येणार नाही, पण ज्याच्याशी त्याचा संबंध आहे, असं पुस्तक नेऊन देणं हे मित्राचं काम. त्यासाठी मित्र माहीत असावा लागतो, पुस्तक माहीत असावं लागतं, आणि रागावलेल्या मित्राच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला जाऊन बसायची तयारी लागते. वेष्टन काढून टाका. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहू नका. अमुक पानावर मी थांबलो, का थांबलो, एवढं लिहा. ते लिहिता आलं नाही तर पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही.

मी 'गोधड' दिलं ते माझ्या शेजारच्या शेतकरी मित्राला. जमीन बक्कळ, सालदार ठेवलेला, स्वभावाने भला माणूस. पंधरवड्याने तो आला. वाद घालेल असं मला वाटलं होतं, पण त्याने वाद घातला नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, 'नाना, हे मी आमच्या सालदाराच्या पोराला देऊ का? बी. ए. करतोय शहाद्याला. त्याला बरं वाटेल.'

मी म्हणालो, 'त्याला हे घरातच माहीत आहे. तू तुझ्या थोरल्या भावाला दे.'

थोरला भाऊ म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या सत्कार समित्यांवर असलेला माणूस. पुस्तक अजून मित्राच्याच घरी आहे. भावाला देणं त्याला अजून जमलेलं नाही, आणि भेटला की मी त्याला दर वेळी विचारतो.