पंप हवा का देत नाही?

मुलाची शाळेची वेळ झालेली असते, सायकलचे मागील चाक बसलेले असते आणि पंपाचा दांडा कितीही खालीवर केला तरी चाक काही फुगत नाही. हा प्रसंग आपल्या घरी आलाच असेल. म्हैसूर शहरात जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. तेथील सायकलींची निगा योजनेकडे असते. घरच्या सायकलीची निगा मात्र आपणच राखावयाची असते.

अशा वेळी नवा पंप आणण्याची घाई करू नये. प्रथम दोष कोठे आहे ते ओळखावे. पंपाच्या नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरावे आणि दांडा खाली रेटावा. तो अडला, तर पंप निर्दोष आहे. खोट चाकाच्या वॉल्व्हमध्ये आहे किंवा ट्यूब पंक्चर आहे. दांडा सहज तळाला गेला आणि नळीतून किंवा सांध्यातून हवा फुसफुसत नसेल, तर पंपाच्या आतील चामड्याचा वायसर सुकला आहे असे समजावे.

हा वायसर वाटीच्या आकाराचा असतो व त्याचे तोंड खाली असते. दांडा खाली येताना हवेच्या दाबाने वाटीची कड फाकते आणि पंपाच्या भिंतीला चिकटते. त्यामुळे हवेला नळीखेरीज वाट उरत नाही. दांडा वर जाताना कड सैल पडते व नवी हवा खाली उतरते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हाने चामडे आकसले, की हवा कडेने निसटते.

उपाय सोपा आहे. वरचे टोपण फिरवून दांडा बाहेर काढावा. वायसरला थोडे एरंडेल चोळून मुरू द्यावे, मग बोटांनी त्याची कड हलकेच फाकवावी. परत बसविताना कड दुमडू देऊ नये. चामडे चिरले असेल, तर मात्र नवा वायसर घालावा.

वॉल्व्हवरील रबरी नळी चिरली किंवा पिनीला चिकटली असेल, तर ती बदलावी. चढविताना ती पाण्याने ओली करावी. तेल लावू नये. तेल चामड्याला औषध आहे, रबराला विष.

हवा भरताना पंपाचा तळ तापला तर घाबरू नये. दाबलेली हवा तापतेच. परंतु बसलेल्या चाकावर सायकल कधीही चालवू नका. रिमखाली सापडून ट्यूब कापली जाते आणि वायसरच्या किरकोळ खर्चाऐवजी नव्या ट्यूबचा खर्च अंगावर येतो.

येत्या रविवारी मुलांना जवळ बसवून पंप एकदा उघडून दाखवा. पुढच्या वेळी शाळेची घंटा चुकणार नाही.