विश्लेषण : 'एजीआय'च्या शर्यतीत कोण पुढे? आणि ती जिंकल्याचे ठरवणार कोण?

माणसाला जमणारे जवळपास कोणतेही बौद्धिक काम करू शकेल असे यंत्र घडवण्यासाठी अमेरिका आणि चीनमधील मोजक्या कंपन्या अब्जावधी डॉलर ओतत आहेत. पण हे उद्दिष्ट नेमके काय, ते कोण गाठू शकते आणि या सगळ्यात भारत कुठे आहे, याविषयी…

'एजीआय' म्हणजे काय?

बुद्धिबळ खेळणारा संगणक जगज्जेत्याला हरवू शकतो, पण त्याला बँकेचा अर्ज भरता येत नाही. फोटोतील चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीला पत्र लिहिता येत नाही. एका कामापुरत्या हुशार असलेल्या अशा प्रणालींना 'मर्यादित' कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. याउलट 'आर्टिफिशियल जनरल इंटेलिजन्स', म्हणजेच एजीआय, ही नवे काम समोर आले की माणसाप्रमाणे ते शिकून घेणारी, एका क्षेत्रातले ज्ञान दुसऱ्या क्षेत्रात वापरणारी बुद्धिमत्ता असेल, अशी कल्पना आहे.

ही कल्पना नवी नाही. १९५६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात झालेल्या कार्यशाळेपासून संशोधकांचे हेच स्वप्न होते. पुढे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये, माणूस करतो ते कोणतेही काम यंत्रे २० वर्षांत करू लागतील, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. आता चॅटजीपीटीसारखे चॅटबॉट एकाच वेळी निबंध लिहितात, गणिते सोडवतात आणि प्रोग्रामही लिहितात. त्यामुळे हे स्वप्न हाताशी आल्याचा दावा पुन्हा होऊ लागला आहे.

व्याख्येवरून वाद का?

एजीआयची सर्वमान्य व्याख्या नाही. ओपनएआयच्या २०१८ च्या सनदेत, आर्थिकदृष्ट्या मोल असलेल्या बहुतेक कामांत माणसाला मागे टाकणारी आणि बऱ्याच अंशी स्वायत्त प्रणाली, अशी व्याख्या आहे. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एजीआयच्या पायऱ्या पाडल्या आणि तेव्हाच्या चॅटबॉटना सर्वांत खालच्या, 'उदयोन्मुख' पायरीवर ठेवले.

हा वाद केवळ शब्दांचा नाही, त्यावर मोठी रक्कम अवलंबून आहे. ओपनएआयमध्ये १३ अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणूक करणाऱ्या मायक्रोसॉफ्टबरोबरच्या जुन्या करारात, एजीआय साध्य झाल्याचे ओपनएआयच्या संचालक मंडळाने जाहीर केले की पुढच्या तंत्रज्ञानावरील मायक्रोसॉफ्टचा हक्क संपणार होता. २०२४ च्या अखेरीस अमेरिकी माध्यमांत आलेल्या वृत्तांनुसार, त्यासाठी दोन्ही कंपन्यांनी किमान १०० अब्ज डॉलर नफ्याचा निकष मान्य केला होता. म्हणजे बुद्धिमत्तेचे मोजमाप ताळेबंदातून होणार होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये करार नव्याने झाला. ओपनएआयने एजीआयचा दावा केल्यास तज्ज्ञांची स्वतंत्र समिती त्याची पडताळणी करील, असे त्यात ठरले.

अमेरिकेत कोण कोण शर्यतीत?

ओपनएआय डिसेंबर २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली. एवढे प्रभावी तंत्रज्ञान एखाद्या बड्या कंपनीच्या मुठीत राहू नये, हा तेव्हाचा हेतू होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर चित्र पालटले आणि २०२५ मध्ये व्यवसायाची रचना नफा कमावू शकणाऱ्या कंपनीची झाली.

गूगल डीपमाइंडची बाजू वेगळ्या कारणाने भक्कम आहे. २०१० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली आणि २०१४ मध्ये गूगलने विकत घेतलेली ही प्रयोगशाळा सुरुवातीपासूनच सर्वसामान्य बुद्धिमत्तेच्या मागे आहे. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. शिवाय गूगलकडे स्वतःच्या चिप, स्वतःची डेटा सेंटर आणि सर्च, यूट्यूब, अँड्रॉइडचे अब्जावधी वापरकर्ते आहेत.

ओपनएआयमधून बाहेर पडलेल्यांनी २०२१ मध्ये स्थापन केलेली अँथ्रोपिक, इलॉन मस्क यांची एक्सएआय आणि मेटा याही स्पर्धेत आहेत. मेटाने जून २०२५ मध्ये १४.३ अब्ज डॉलर मोजून स्केल एआय या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला आणि तिचे प्रमुख अलेक्झांडर वांग यांच्याकडे 'सुपरइंटेलिजन्स' विभागाची सूत्रे दिली.

चीन किती मागे आहे?

२०३० पर्यंत एआयमध्ये जगात अग्रस्थान मिळवण्याचे उद्दिष्ट चीनने २०१७ मध्येच जाहीर केले. अत्याधुनिक चिप चीनला मिळू नयेत म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्यातीवर निर्बंध आणले. तरीही हांगझोऊमधील डीपसीकने जानेवारी २०२५ मध्ये 'आर-१' हे मॉडेल आणले. तुलनेने कमी खर्चात तयार केल्याचा दावा असलेले हे मॉडेल अमेरिकी मॉडेलच्या तोडीचे निघाले. त्यानंतर २७ जानेवारीला एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलरने घसरले.

डीपसीक आणि अलीबाबा आपली अनेक मॉडेल खुली ठेवतात. ती कोणीही डाऊनलोड करून स्वतःच्या संगणकांवर चालवू शकतो. त्यामुळे जगभरचे छोटे उद्योग आणि विद्यापीठे ती वापरतात. मात्र अत्याधुनिक चिपची टंचाई हा चीनचा मोठा अडथळा आहे.

प्रगती खरोखर किती?

जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरे ओपनएआय आणि गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी बरोबर दिली. ही सुवर्णपदकाची पातळी होती. 'मेटर' या अमेरिकी संशोधन संस्थेने वेगळे मोजमाप केले. माणसाला जेवढा वेळ लागतो त्यावरून कामाची लांबी धरली, तर एआयला निम्म्या वेळा जमणाऱ्या कामाची लांबी सहा वर्षांत दर सात महिन्यांनी दुप्पट होत गेली, असे तिला आढळले. ही कामे मुख्यतः सॉफ्टवेअर क्षेत्रातील होती.

दुसरी बाजूही आहे. संशोधक फ्रान्स्वा शोले यांनी तयार केलेल्या 'आर्क-एजीआय' या चाचणीत रंगीत चौकटींची कोडी असतात. पाठांतर उपयोगी पडणार नाही, नियम स्वतः शोधावा लागेल, अशी तिची मांडणी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या 'ओ-३' मॉडेलने त्यात ७५.७ टक्के गुण मिळवले. पण मार्च २०२५ मध्ये चाचणीची अधिक अवघड आवृत्ती आली, तेव्हा माणसांना सुटणाऱ्या या कोड्यांत आघाडीची मॉडेल सुरुवातीला दोन आकडी टक्केवारीही गाठू शकली नाहीत. जागतिक स्तरावरचे गणित सोडवणारी प्रणाली साध्या कोड्यात अडते, आणि म्हणूनच तिला 'सर्वसामान्य' बुद्धिमत्ता म्हणावे का, हा प्रश्न उरतो.

केवळ ताकद वाढवून एजीआय गाठता येईल?

सध्याच्या मॉडेलचा पाया 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना आहे. ती २०१७ मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी मांडली. त्यांत आशीष वासवानी आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमार होत्या. मॉडेल मोठे करा, अधिक मजकूर आणि अधिक संगणकीय ताकद द्या, म्हणजे क्षमता वाढते, हे सूत्र त्यानंतर लागू पडत गेले.

मात्र ते कायम चालेल का, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील एआय संशोधकांची संघटना 'एएएआय'च्या मार्च २०२५ च्या अहवालातील सर्वेक्षणात, केवळ सध्याच्या पद्धती वाढवत नेऊन एजीआय साध्य होण्याची शक्यता कमी आहे, असे ७६ टक्के सहभागींनी सांगितले. भाषा मॉडेलना भौतिक जगाची समज नाही, असे यान लकून वारंवार सांगतात. ओपनएआयचे सहसंस्थापक इल्या सुत्स्केव्हर यांनीही, इंटरनेट एकच आहे आणि त्यावरचा मजकूर संपत आला आहे, याकडे लक्ष वेधले होते. हे मत बरोबर असेल, तर सर्वांत श्रीमंत कंपनीच जिंकेल असे नाही. एखादी नवी कल्पना सुचलेली छोटी प्रयोगशाळाही पुढे जाऊ शकते.

मग पैसा आणि वीज एवढी महत्त्वाची का?

कारण नवी कल्पना सुचली, तरी ती आजमावायला हजारो चिप लागतात. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'स्टारगेट' प्रकल्पात ओपनएआय, सॉफ्टबँक आणि ओरॅकल यांनी चार वर्षांत ५०० अब्ज डॉलर गुंतवण्याचा मनोदय व्यक्त केला. ही रक्कम तेव्हाच्या दराने सुमारे ४३ लाख कोटी रुपये होत होती. भारताच्या २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा आकार ५०.६५ लाख कोटी होता, यावरून तिचा अंदाज येईल.

यासाठी लागणाऱ्या चिपची रचना मुख्यतः एनव्हिडिया करते, उत्पादन तैवानमधील टीएसएमसी करते आणि उत्पादनासाठी अत्यावश्यक यंत्रे नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. साखळीतला एक दुवा निखळला तरी सारी शर्यत मंदावेल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार, डेटा सेंटरचा वीजवापर २०२४ मधील ४१५ अब्ज युनिटवरून २०३० पर्यंत सुमारे ९४५ अब्ज युनिटवर जाईल.

एजीआय कधी येईल?

अँथ्रोपिकचे डारिओ अमोडेई यांनी अत्यंत प्रभावी एआय २०२६ मध्येही येऊ शकेल, असे म्हटले होते. हसाबिस यांनी २०२५ मध्ये पाच ते दहा वर्षांचा अंदाज दिला. या कंपन्यांना गुंतवणूकदारांकडून पैसा उभारायचा असतो, हे अशी भाकिते वाचताना लक्षात ठेवावे लागते. २०२३ मध्ये २,७७८ संशोधकांच्या सर्वेक्षणात, प्रत्येक कामात यंत्र माणसाला मागे टाकण्याची ५० टक्के शक्यता २०४७ पर्यंत वर्तवण्यात आली. आदल्या वर्षीच्या सर्वेक्षणात हेच वर्ष २०६० होते. म्हणजे स्वतंत्र संशोधकांचा अंदाजही जवळ सरकला आहे, पण कंपन्यांइतका नाही.

भारत कुठे आहे?

मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'इंडिया एआय मिशन'साठी पाच वर्षांत सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची तरतूद आहे. स्टारगेटची जाहीर रक्कम याच्या सुमारे चारशे पट आहे. त्यामुळे एजीआयच्या थेट शर्यतीत भारत नाही. येथे भर आहे तो भारतीय भाषांची मॉडेल आणि परवडणाऱ्या दरात चिप उपलब्ध करण्यावर. बंगळूरुच्या सर्वम एआयची देशी मॉडेलसाठी निवड झाली आहे, तर पवई येथील आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली 'भारतजेन' प्रकल्प सुरू आहे.

परिणाम मात्र थेट होऊ शकतो. ओपनएआयच्या व्याख्येतील 'आर्थिकदृष्ट्या मोल असलेले काम' म्हणजे प्रोग्रामिंग, हिशेब, ग्राहकसेवा, दस्तावेजांची छाननी. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतील लाखोंचा पगार याच कामांतून येतो. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यामागे एआय नसून कौशल्यांची विसंगती आहे, असे कंपनीने सांगितले. पण नवी कौशल्ये कोणती आणि ती कोणी शिकवायची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

विजेत्यावर अंकुश कोणाचा?

एआयपासून मानवजातीला असलेला धोका महासाथ आणि अण्वस्त्रांइतका गांभीर्याने घ्यावा, या मे २०२३ च्या निवेदनावर जेफ्री हिंटन यांच्याबरोबर ऑल्टमन, हसाबिस आणि अमोडेई यांच्याही सह्या होत्या. तरी त्यांच्यापैकी कोणत्याही कंपनीने शर्यत सोडली नाही. आपण थांबलो तर दुसरा पुढे जाईल, असा युक्तिवाद केला जातो. युरोपीय महासंघाचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला असला, तरी एजीआयवर देखरेख ठेवणारी जागतिक यंत्रणा अद्याप नाही. अणुऊर्जेसाठी अशी यंत्रणा १९५७ मध्ये उभी राहिली, तेव्हा हिरोशिमाला १२ वर्षे झाली होती. एजीआयच्या बाबतीत ती आधी उभी राहते की नंतर, यावर ही शर्यत कोण जिंकतो याइतकेच बरेच काही अवलंबून असेल.