जबडा वाचवायचा, पण...

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गेलं वर्ष ताईच्या लेकीच्या जबड्याभोवतीच फिरत होतं, म्हणून आज त्याबद्दलच.

सतरा वर्षांची पोर. एका बाजूने जबडा सुजला, पण दुखत काहीच नव्हतं. अक्कलदाढ असेल म्हणून आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. एक्सरेत हाडात मोठी पोकळी दिसली आणि बायोप्सीत नाव आलं, अमेलोब्लास्टोमा. दातांचं इनॅमल ज्यातून घडतं, त्या थरातल्या पेशींची गाठ. कॅन्सर नाही, पण हाड पोखरणारी.

एक डॉक्टर म्हणाले, गाठीपलीकडचं एक-दोन सेंमी चांगलं हाडही कापायचं आणि पायातलं हाड घेऊन जबडा बांधायचा. दुसरे म्हणाले, हिची गाठ एकाच पोकळीची आहे, युनिसिस्टिक. आधी छोटी नळी बसवून आतला दाब कमी करू, पोकळी आक्रसली की उरलेली गाठ खरवडून काढू. ताईचं एकच पालुपद, "एकदाच काय ते मुळापासून काढा, परत ब्याद नको!"

ताईचं अगदीच चूक नव्हतं. अनेक कप्प्यांच्या नेहमीच्या अमेलोब्लास्टोमात पेशी एक्सरेतल्या कडेच्या पलीकडे हाडात शिरलेल्या असतात. नुसतं खरवडलं तर बऱ्याचदा गाठ परत येते. तिथे मोठं ऑपरेशनच बरं, असं माझंही मत आहे. पण गाठ पोकळीच्या भिंतीत घुसलेली नसेल, तर या वयात दात, ओठाची संवेदना, चेहरा हे सगळं पणाला लावायची घाई कशाला?

मेख अशी, की बायोप्सी एका तुकड्याची. भिंतीचं खरं काय ते पूर्ण गाठ तपासल्यावरच कळतं. रिपोर्ट वाईट आला तर मोठं ऑपरेशन, हे ठरवूनच आम्ही दुसरा रस्ता धरला. कित्येक महिने पोरगी रोज सिरिंजने पोकळी धूत होती, कॉलेजच्या ट्रिपलासुद्धा सिरिंज बरोबर. शेवटी रिपोर्ट चांगला आला.

पण सुटलो असं नाही. ही गाठ दहा वर्षांनीही परत आल्याची उदाहरणं आहेत. कमी कापलं, की उरलेली जबाबदारी आपल्यावर येते. ती जमणार नसेल, तर हा मार्ग धरूच नये. आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणं आपल्याला जमत नाही, हे सुरुवातीलाच दिसलं होतं की!

असो. ताईने कालनिर्णयवर पुढच्या एक्सरेची तारीख लाल पेनाने लिहून ठेवलीय. तेव्हा नातेवाईक मंडळी, एकच विनंती. "बरी झाली ना, मग आता कशाला जाता?" एवढं तेवढं तिला विचारू नका.