कुंपणाएवढा दोरा

संपादक महोदय,

दोऱ्याच्या गुंड्याला आणि सीसॉला कला म्हणणे म्हणजे सीमेवर पहारा देणाऱ्यांची थट्टा, असा सूर गेल्या आठवड्यातील एका पत्रात होता. मला तो मुळीच पटला नाही.

मी तीस वर्षे शिवणकाम शिकवते, म्हणून आधी दोऱ्याचेच बोलते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या २०११-१२ मधील त्या कलाकृतीचे नाव ‘१:१४.९’. २००७ च्या आकडेवारीनुसार भारत-पाकिस्तान सीमेवर कुंपण घातलेली लांबी ११८८.५ मैल होती, तिला १४.९ने भागून येईल तेवढा दोरा हाताने गुंडाळून काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. म्हणजे जवळपास १२८ किलोमीटर, रेल्वेने बोरीबंदरहून लोणावळ्यापर्यंत! हाताने दोरा गुंडाळताना सैल सुटला तर गुंता होतो, जास्त ताणला तर तुटतो, बोटाला चर पडतो तो वेगळाच. ‘शेकडो मैलांचे कुंपण’ असे वाचून आपण पान उलटतो. तोच आकडा या बाईंनी हाताच्या मापात आणून समोर ठेवला. यात थट्टा कुठे आली?

आता सीसॉ. जुलै २०१९ मध्ये रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो यांनी अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या पोलादी भिंतीच्या फटींतून तीन गुलाबी सीसॉ आरपार बसवले. पलीकडचे मूल खाली गेल्याशिवाय अलीकडचे वर जात नाही, हे तिथल्या पोरांना समजावून सांगावे लागले नाही. खेळ तासाभरातच आटोपला, भिंत तशीच राहिली, पुढे लंडनमध्ये बक्षीस मिळाले ते रचनाकारांना. पत्रलेखकाचा हा आक्षेप खरा आहे आणि मलाही तो बोचतो. पण भिंत पाडणे हे काम सरकारांचे. ते झाले नाही म्हणून कलाकाराला का बोल लावायचा?

गुप्ता यांनी भारत-बांगलादेश सीमेवरच्या चिटमहालांवरही काम केले. एका देशाचे गाव दुसऱ्या देशाच्या पोटात, असे १६२ तुकडे २०१५ पर्यंत होते. आपल्या हद्दीतल्या अशा गावांतून मुलाला शाळेत घालायचे, तर भलत्याच माणसाचे नाव बाप म्हणून लावत. पहारा देणाऱ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण पहाऱ्याच्या बातमीत असे आईबाप कधी येत नाहीत.

आपण मते छापलीत. आता त्या गुंड्याचे छायाचित्रही एकदा मोठे छापावे. माझ्या वर्गातल्या मुलींना दाखवायचे आहे.

— एक शिवणशिक्षिका, सातारा