वारं गेलं म्हणून घरी थांबू नका. लकव्यात पहिले साडेचार तास मोलाचे

बीड : तोंड एकाएकी वाकडं होतं, एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणं बोबडं होतं. गावात लगेच निदान होतं, 'वारं गेलं'. मग तेलाची मालिश, झाडपाला, कुणाच्या ओळखीचा वैदू. दवाखाना गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो आणि उपचाराची खरी वेळ हातातून गेलेली असते.

हात-पाय लुळे पडले तरी बिघाड मेंदूत असतो. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. बहुतेक रुग्णांत गुठळीच असते. ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितकं बरं. मात्र नळी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जीवावर बेतू शकतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. त्याआधी घरी कुठलीही गोळी देऊ नये, पाणीसुद्धा पाजू नये. ठसका लागून पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं.

बीडसारख्या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात खरा प्रश्न रस्त्याचा आहे. परळी, केज, धारूरकडची माणसं अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडे धावतात. आष्टी-कड्याकडची अहिल्यानगर गाठतात. जिथं स्कॅन नाही तिथं सलाईन लावून दोन तास गेले, तर जवळचा दवाखानाही महागात पडतो. 108 ला फोन करताना 'लकव्याची लक्षणं आहेत' असं स्पष्ट सांगावं. स्कॅनची सोय आत्ता चालू आहे का, हे निघतानाच विचारून घ्यावं. रुग्ण शेवटचा धड कधी होता ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

हा शहरातला आजार, असा समज अजून आहे. गडचिरोलीतल्या 86 गावांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणं तपासली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सातातला एक मृत्यू लकव्याचा निघाला, आणि त्यातले बहुतेक घरीच झालेले होते.

लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला बीपी. त्याच्या जोडीला शुगर, तंबाखू, मिश्री. बीपी दुखत नाही, म्हणून बरं वाटलं की गोळी बंद होते. आपल्याकडं त्यात ऊसतोडीची भर पडते. टोळी दिवाळीच्या आसपास गाव सोडते ती उन्हाळ्यातच परतते. महिन्याची गोळी महिन्यात संपते. फडावर ना ओळखीचा दवाखाना, ना जुना कागद. एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडते, मग गोळीसाठी कोण जाणार?

उपाय फार खर्चाचा नाही. टोळ्या निघण्याआधी उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा बीपी मोजावा, चालू असलेल्यांना हंगाम पुरेल इतक्या गोळ्या आणि औषधाचं नाव लिहिलेला कागद द्यावा. मुकादम कोयत्यांची यादी करतोच. गोळी कुणाला चालू आहे हे त्यातच लिहून ठेवता येईल. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यातला एक लुळा पडला तर उचल फिटत नाही आणि दुसऱ्याचंही काम थांबतं. गोळी त्याहून कितीतरी स्वस्त आहे.