भीती गेली, चष्मा कुठे आहे?

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी कर्नाटकच्या किनाऱ्यापासून ओडिशापर्यंत देश ओलांडून गेली, तेव्हा अनेक शहरांतले रस्ते दुपारीच ओस पडले होते. खिडक्या लावलेल्या, गर्भवतींना तर कोपऱ्यातून हलू दिलेले नव्हते. त्या भीतीला शास्त्राचा काडीचाही आधार नव्हता; पण नकळत तिने असंख्य डोळे वाचवले. पुढे विज्ञान चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ती घालवण्यासाठी जिवाचे रान केले आणि २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण पाहायला गच्च्या माणसांनी भरल्या. हे चांगलेच झाले. तक्रार एवढीच, की भीती ज्या वेगाने गेली, त्या वेगाने चष्मा आला नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा परीक्षा आहे. त्या दिवशी इजिप्तमधल्या लक्सरला सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास स्थिती असेल; महाराष्ट्रातून दुपार कलताना खंडग्रास ग्रहण दिसेल. वार सोमवार, म्हणजे शाळेचा. तिथी आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस.

ग्रहणातल्या सूर्यात वेगळे विष नसते. एरवी त्याच्याकडे पाहिले की डोळे आपोआप मिटतात. तो बराचसा झाकला की चकाकी कमी होते, नजर टिकते, आणि उरलेली कोर मात्र पूर्वीइतक्याच तीव्रतेने दृष्टिपटलावर पडत राहते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, हीच खरी मेख. पाहताना काही होत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडावा, तर ज्या अक्षरावर नजर रोखली तेच नाहीसे झालेले, आजूबाजूची मात्र जागेवर. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींची नाही. खात्रीचा उपचार उपलब्ध नाही.

तरीही आपले जुगाड संपत नाहीत. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक चढवलेले दोन गॉगल, सगळे सारखेच घातक. सर्वांत सोज्वळ वाटते ती परातीतल्या पाण्याची युक्ती, कारण ती आजीने सांगितलेली असते. पण हिशेब करून पाहा. ग्रहणाचा चांगला चष्मा सूर्यप्रकाशाचा साधारण एक लाखावा हिस्सा आत येऊ देतो. पाण्याचा पृष्ठभाग डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे दोन टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे चष्म्याच्या दोन हजार पट. सूर्य कलला की त्याहून जास्त. पाण्यात हळद कालवली तरी वरचा पृष्ठभाग चकाकतोच.

त्यापेक्षा त्याच स्वयंपाकघरातला झारा बरा. सूर्याकडे पाठ करून तो उन्हात धरा, सावली पांढऱ्या कागदावर पडू द्या. प्रत्येक छिद्राखाली सूर्याची एकेक कोर उमटते. कागद मीटरभर लांब धरला तर प्रतिमा जेमतेम नखाएवढी, पण चिमुकल्या कोरींचा तो सडा पाहून पोरे हरखतात. छिद्रातून सूर्याकडे मात्र पाहायचे नाही. दुर्बिणीला साधा ग्रहणचष्मा लावून पाहणे तर आणखी वाईट. एकवटलेल्या उन्हाने तो क्षणात निकामी होतो.

चष्म्यावर आयएसओ छापलेले असणे पुरेसे नाही. छापायला काय जाते? विश्वासू संस्थेकडून घ्यावा. तो लावल्यावर घरातल्या वस्तू, दिवसाचे आकाश, काहीही दिसता कामा नये. दिसला तर सूर्यच. २०१९ पासून कपाटात पडलेल्या चष्म्याला ओरखडा किंवा घडी पडली असेल, तर तो फेकावा. ऑगस्टचा खरा सापळा पावसाळी ढगांचा आहे. विरळ ढगाआडचा सूर्य निरुपद्रवी भासतो, म्हणून चष्मा काढला जातो, आणि नेमका तेव्हाच ढग सरकतो.

शाळांना त्या दिवशी सुटी देणे हा पळपुटेपणा ठरेल. मुले घरी बसून चष्म्याविना गच्चीवर जाणारच. त्यांना मैदानावर आणा, प्रत्येक तुकडीत तपासलेले चष्मे द्या, शिक्षकांना आधी तालीम द्या. त्यासाठी खरेदीची तरतूद शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी. नाहीतर खात्याच्या रिवाजाप्रमाणे परिपत्रक १ ऑगस्टला, रविवारी रात्री, शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडेल.